सरकत्या खिडकीचे गळणे : दोष काचेचा नव्हे, पट्टीचा

कापडाच्या धंद्यात पाणी हा आगीइतकाच मोठा शत्रू आहे. आग लागली तर चार माणसे धावून तरी येतात. पाणी रात्री गुपचूप येते, गठ्ठ्याच्या तळाशी बसते आणि आठ दिवसांनी गिऱ्हाइकासमोर घडी उलगडली की पिवळा डाग होऊन दिसते. तोवर बोलून काही उपयोग नसतो.

आमच्याकडे एक जुनी मिनीबस आहे. शाळेच्या फेऱ्या करून थकलेली ही गाडी आम्ही विकत घेतली, आर.टी.ओ.कडे रीतसर नोंद बदलून मागची आसने काढली, लाकडी फळ्या बसवल्या आणि शिरूर-दौंड भागातल्या आठवडी बाजारांना व जत्रांना तिच्यातून माल नेऊ लागलो. गाडीला दोन्ही बाजूंना मिळून आठ सरकत्या खिडक्या. एका सप्टेंबरात न्हावरे-चौफुला रस्त्याने येताना वाऱ्यासह जोराचा पाऊस झाला. घरी येऊन पाहतो तो डाव्या बाजूच्या दोन फळ्यांवरचा माल तळातून भिजलेला. सव्वीस साड्या आणि परकराच्या कापडाचा एक तागा कमी भावात काढावा लागला.

मी गाडी एका कारागिराकडे नेली. त्याने सिलिकॉनच्या नळ्या आणल्या आणि खिडकीच्या खालच्या खाचेला, कडेला, जिथे फट दिसली तिथे भरून टाकले. काम तासाभरात झाले, पैसे कमी लागले, मीही खूश झालो. पुढच्या पावसात पाणी पहिल्यापेक्षा जास्त आले. दोन खिडक्या सरकेनाशा झाल्या. वर्षभराने पासिंगच्या आधी खालचा पत्रा टोचून पाहिला तर आतून सडून पापुद्रे सुटले होते.

शेवटी दौंडच्या एका वयस्कर हूड-कुशन कारागिराने ते काम नीट केले, आणि करताना मला शिकवलेही. ते शिक्षण मी इथे मांडत आहे. आपल्या वाचकांत टेंपो, मिनीबस, शाळेच्या गाड्या चालवणारे आहेत, तसेच कुशन, वेल्डिंग, अॅल्युमिनियम आणि काचकाम करणारेही आहेत. गाडीवाल्याचा माल वाचेल आणि कारागिराला एक नेटके काम हाती लागेल, असे दोन्ही फायदे यात आहेत.

खिडकीत पाणी येते कसे?

उस्तादांनी गाडी पाहताच पहिला प्रश्न विचारला, "शेठ, ही खालची भोके कोणी बुजवली?"

मी म्हणालो, "उस्ताद, भोकातूनच तर पाणी आत येत असेल, म्हणून बुजवली."

ते म्हणाले, "भोके पाणी आत घ्यायला नाहीत, बाहेर काढायला आहेत."

या एका वाक्यात सगळा धडा आहे. सरकती खिडकी ही बंद बाटली नव्हे. काच सरकायची असेल तर तिच्या दोन्ही अंगांना थोडी मोकळीक हवीच. त्या मोकळिकीतून जोराच्या पावसात थोडे पाणी खालच्या खाचेत उतरणारच. खिडकी बनवणाऱ्याने हे धरूनच रचना केलेली असते. खालच्या खाचेची बाहेरची भिंत बुटकी असते, आतली उंच असते आणि बाहेरच्या भिंतीच्या तळाशी निचऱ्याची भोके असतात. खाचेत आलेले पाणी भोकांतून गाडीबाहेर पडते. भोके बंद झाली की खाच म्हणजे भरलेली पन्हळ. ती भरून वाहते तेव्हा पाणी आतल्या भिंतीवरून मालावर पडते किंवा स्क्रूच्या भोकातून पत्र्याच्या पोकळीत उतरते.

वाऱ्याचा हिशेबही लक्षात घ्यावा. ताशी ५० किलोमीटर वेगाचा वारा समोरून आपटला तर त्याचा दाब पाण्याला सुमारे १२ मिलिमीटर वर ढकलू शकतो. म्हणून रिमझिम पावसात कोरडी राहणारी खिडकी वावटळीच्या पावसात गळते. आतली भिंत वाकली असेल, कोणी ठोकून चपटी केली असेल, तर ही उंची कमी पडते.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट आहे. शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेतले. वर्षाचे बरेच महिने कोरडे जातात, म्हणून खिडकीकडे कोणी पाहत नाही. पण त्या कोरड्या महिन्यांतच खाचेत धूळ साठते. भीमा-घोड काठची काळी माती बारीक असते, ओली झाली की फुगते आणि वाळली की दगडासारखी बसते. गळिताच्या दिवसांत उसाच्या ट्रॅक्टरमागे धूळ आणि पाचटाचे तुकडे उडतात, कारखान्याजवळ भुसाही उडतो. हे सारे खाचेत जाऊन बसते. पहिल्या पावसात त्याचा चिखल होतो, दुसऱ्या पावसापर्यंत भोकाला बूच बसते.

पट्टी म्हणजे कापडच

उस्तादांनी एका खिडकीतली जुनी पट्टी उपसून माझ्या हातावर ठेवली. म्हणाले, "धंदा तुमचा आहे. हे काय आहे ते तुम्हीच सांगा."

धूळ झटकून पाहिले तर ती मखमल होती. काच ज्या खाचेत सरकते त्या खाचेत रबराची किंवा पत्र्याची पन्हळ असते आणि तिच्या आतल्या अंगाला बारीक लव असते. ही लव दोन प्रकारे बसवतात. एका प्रकारात खऱ्या मखमलीसारखे विणकाम असते. दुसऱ्या प्रकारात गोंद लावलेल्या पृष्ठावर आखूड तंतू विजेच्या दाबाने उभे करून चिकटवतात. अॅल्युमिनियमच्या खिडक्यांत दोन काचांच्या मध्ये ब्रशसारखी पट्टी असते, तीही लवच.

या लवेची कामे तीन. ती काचेला हलके धरून ठेवते, म्हणून काच खडखडत नाही. काच सरकताना ती धूळ पुसते. आणि वाऱ्याचा जोर मोडून पाणी आत न फेकता खाली खाचेत उतरवते. लव झिजली, तिला टक्कल पडले, की तिन्ही कामे एकदम थांबतात. म्हणून खिडकी वाजू लागली की ती पुढे गळणार, असे समजावे.

आता कापडाच्या दृष्टीने पाहू. जुन्या पट्ट्यांत लोकर असे. लोकर हा सुंदर तंतू आहे, पण तो पाणी पितो. आपल्या वजनाच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याइतका ओलावा लोकर अंगात घेऊ शकते आणि तरी हाताला ओली लागत नाही. सुतालाही पाण्याची ओढ आहे. अशी ओलसर पट्टी धातूला दिवसेंदिवस चिकटून राहिली की लोखंड गंजते आणि अॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते. पॉलिप्रॉपिलीन हा तंतू जवळजवळ अजिबात पाणी पीत नाही, म्हणून आजच्या बहुतेक ब्रश पट्ट्या त्याच्या असतात. त्याचा दोष असा की ऊन त्याला खाते. उन्हापासून बचावाची प्रक्रिया नसलेली पट्टी काही उन्हाळ्यांत ठिसूळ होऊन झडते. काळ्या पट्टीतला काजळीचा रंग ऊन अडवतो. म्हणून पांढऱ्या-राखाडीपेक्षा काळी पट्टी घ्यावी.

पट्टी विकत घेताना आपण दुकानात मखमल पाहतो तशीच पाहावी. बोट एकदा इकडून आणि एकदा तिकडून फिरवावे. लव लगेच उभी राहिली पाहिजे. पट्टी वाकवून पाहावी. तळ दिसला तर लव विरळ आहे. नखाने खरवडावे. तंतू हाताला लागले तर चिकटवण कच्ची आहे. पट्टी स्वस्त मिळाली म्हणून दोन वर्षांनी पुन्हा खिडक्या उतरवायच्या, यात बचत कसली?

रबराचेही तसेच. उन्हात टिकण्यासाठी ई.पी.डी.एम. जातीचे रबर चांगले. साधे रबर उन्हाने आणि हवेतल्या ओझोनने तडकते. मात्र ई.पी.डी.एम.ला ऑइल, ग्रीस, डिझेल चालत नाही. ते लागले की रबर फुगते आणि सैल पडते. खिडकी घट्ट झाली की आपण इंजिनाचे ऑइल सोडतो. त्याने रबर बिघडते आणि धूळही चिकटते.

आधी तपासणी, मग पाना

गळती कुठून आहे हे ठरवल्याशिवाय एकही स्क्रू सोडू नये. पद्धत सोपी आहे. गाडी सपाट जागी उभी करावी. खिडकीच्या आतल्या बाजूला खाली वर्तमानपत्राचा कोरडा कागद पसरावा, कडांनाही कागदाच्या पट्ट्या लावाव्यात. एक माणूस आत बसवावा. दुसऱ्याने बाहेरून पाण्याचा पाइप हलक्या धारेने धरावा.

पाणी नेहमी खालून वर न्यावे. प्रथम पाच मिनिटे फक्त चौकटीच्या खालच्या कडेवर, मग खालच्या खाचेत, मग उभ्या कडांवर, मग दोन काचांच्या मधल्या जोडावर आणि शेवटी वरच्या कडेवर. ज्या टप्प्यावर कागद भिजला तो टप्पा लिहून ठेवावा. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून ओघळते आणि चोर सापडत नाही.

खालच्या कडेवर पाणी सोडताच कागद भिजला, तर दोष चौकट आणि गाडीचा पत्रा यांच्यामधल्या भरणीचा आहे. खाचेत पाणी सोडल्यावर भिजला, तर निचरा बंद आहे किंवा खाचेचा कोपरा फुटला आहे. मधल्या जोडावर भिजला, तर ब्रश पट्टी झिजली आहे. आमच्या आठ खिडक्यांपैकी पाचांचा निचरा बंद होता, दोघींची पट्टी गेली होती आणि एकीच्या चौकटीखालची भरण सुटली होती. म्हणजे तीन वेगळे रोग होते आणि मी सर्वांना एकच औषध पाजले होते.

उतरवणे आणि सफाई

उतरवण्याआधी प्रत्येक काचेवर खडूने नंबर घालावा आणि ती आतल्या खाचेत होती की बाहेरच्या, हे लिहावे. हे महत्त्वाचे आहे. चालत्या गाडीत पुढची काच बाहेरच्या खाचेत असली तर मधल्या जोडाचे तोंड मागे राहते आणि वारा त्यात शिरत नाही. कौले जशी एकावर एक चढवतो तसाच हा प्रकार. बसवताना काचा बदलल्या तर नवी पट्टी असूनही खिडकी गळेल.

जुने रबर कोमट साबणपाण्याने मऊ करावे आणि लाकडी किंवा प्लास्टिकच्या पाचरीने उचलावे. लोखंडी पेचकसाने काचेच्या कडेला टोला बसू देऊ नये. टफन काच पृष्ठावर मार सहन करते, पण कडेवर ठोका बसला तर क्षणात चुरा होते. हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा घालूनच हे काम करावे.

गंजलेला स्क्रू जोर लावून फिरवला की त्याचे डोके तुटते. आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल सोडावे. तरी न हलला तर तापवलेली डाग देण्याची कावी त्याच्या डोक्यावर मिनिटभर टेकवावी आणि मग फिरवावा. रबराला ते तेल लागणार असेल तर आधी रबर काढून घ्यावे.

खाच साफ करताना बांबूची चपटी काडी आणि नायलॉनचा ब्रश वापरावा. अॅल्युमिनियमवर लोखंडी तारेचा ब्रश मारू नये. लोखंडाचे कण त्यात रुततात आणि पुढे तिथेच डाग धरतो. कॉस्टिक सोडा तर हरगिज नको, तो अॅल्युमिनियमला खातो. साधा साबण, कोमट पाणी आणि सबर एवढे पुरे.

निचऱ्याची भोके

सफाई झाली की भोके शोधावीत. साधारणपणे खिडकीच्या दोन्ही टोकांजवळ एकेक असते. बारीक तारेने मोकळी करावीत आणि मगभर पाणी खाचेत ओतून पाहावे. पाणी लगेच बाहेर गेले पाहिजे. फार बारीक भोकाला पाण्याचा थेंबच बूच होऊन बसतो. म्हणून भोक निदान सहा मिलिमीटरचे असावे. आडवी लांबट फट त्याहून बरी.

नवे भोक पाडायचे असेल तर बाहेरच्या भिंतीत, खाचेच्या अगदी तळाला, आणि गाडी उभी असताना जी बाजू खाली राहते तिकडे पाडावे. भोक तळापासून दोन मिलिमीटर वर गेले तरी तेवढे पाणी कायम साचून राहते. आतल्या भिंतीला किंवा खालच्या पत्र्याला ड्रिल लागता कामा नये. कडेची धार कानशीने मोडून तिथे रंगाचा हात द्यावा.

काच की अॅक्रिलिक?

काच फुटली असेल तर काही जण स्वस्त व हलके म्हणून अॅक्रिलिक बसवतात. वजनाचा हिशेब खरा आहे. ४५ बाय ५५ सेंटिमीटरची ४ मिलिमीटर जाडीची काच सुमारे अडीच किलो भरते, तेवढेच अॅक्रिलिक सव्वा किलोच्या आत बसते. परंतु अॅक्रिलिकवर ओरखडे पडतात, थिनर किंवा स्पिरिटने पुसले की जाळीसारख्या चिरा धरतात आणि उष्णतेने ते फार वाढते. तापमान ४० अंशांनी वाढले तर एक मीटर लांबीची काच जेमतेम अर्धा मिलिमीटरही वाढत नाही. अॅल्युमिनियमची चौकट सुमारे एक मिलिमीटर वाढते, अॅक्रिलिक मात्र पावणेतीन मिलिमीटरच्या पुढे जाते. थंडीत बेतशीर बसवलेले अॅक्रिलिक एप्रिलच्या दुपारी चौकटीत अडकून वाकते.

रस्त्यावरच्या गाडीत तर कायदाही पाहावा लागतो. गाडीच्या काचा सुरक्षा काचेच्या असाव्यात असा मोटार वाहन नियम आहे. अशा काचेच्या कोपऱ्यावर भारतीय मानक आय.एस. २५५३ ची खूण पाहून घ्यावी. बाजूच्या खिडकीतून निदान ५० टक्के उजेड पार झाला पाहिजे. टफन काच एकदा भट्टीतून निघाली की ती कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. म्हणून माप दोनदा घ्यावे, चारही कडा आणि दोन्ही कर्ण मोजावेत आणि मगच काच मागवावी. संकटकालीन म्हणून खूण असलेली खिडकी कोणत्याही कारणाने कायमची बंद करू नये. गळती थांबेल, पण माणसे अडकतील.

नवी पट्टी बसवणे

पट्टी घ्यायला जाताना तोंडी माप सांगू नये. जुन्या पट्टीचा बोटभर तुकडा, काचेची जाडी आणि खाचेची आतली रुंदी, या तीन गोष्टी बरोबर न्याव्यात. पट्टी जाड झाली तर काच सरकणार नाही आणि कडी तुटेल. पातळ झाली तर खडखड तशीच राहील.

पट्टी बसवताना सर्वात मोठी चूक म्हणजे ती ताणणे. ताणलेले रबर आठ-पंधरा दिवसांत आपल्या मूळ लांबीवर येते आणि कोपऱ्यात फट पडते. कपडा शिवताना इलास्टिक ताणून शिवले की पुढे काय होते हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणून प्रत्येक तुकडा तीन-चार मिलिमीटर लांब कापावा, दोन्ही टोके आधी बसवावीत, मग मधला भाग दाबत आणावा. कोपऱ्यावर दोन्ही तुकडे तिरपे, ४५ अंशांत कापून जुळवावेत.

खालची पट्टी बसवताना निचऱ्याच्या भोकांवर तिला तेवढीच खाच पाडावी. हे विसरले तर नवी कोरी पट्टीच भोकाचे बूच होते. आमच्या एका खिडकीत उस्तादांच्या शागीर्दाकडून असेच झाले. उस्तादांनी मगभर पाणी ओतले, ते जागेवरच राहिले. त्यांनी रागावण्याऐवजी त्या मुलालाच पट्टी परत काढायला लावली. तो आता ते कधी विसरणार नाही.

काच सरकवण्यासाठी ऑइल नको. सिलिकॉनचा फवारा हलका मारावा, किंवा कोरडी मेणबत्ती काचेच्या खालच्या कडेवर घासावी.

सिलिकॉन कुठे आणि कुठे नाही

सिलिकॉन वाईट नाही, त्याची जागा वेगळी आहे. जिथे काही हलत नाही, म्हणजे चौकट आणि गाडीचा पत्रा यांच्यामध्ये, तिथेच भरण करावी. जिथे काच सरकते तिथे सिलिकॉनचा थेंबही नको.

ज्या सिलिकॉनला सिरक्यासारखा वास येतो ते आम्लाचे असते. ते काचेच्या टाकीला ठीक, पण धातूला गंज लावते. गाडीसाठी न्यूट्रल असे लिहिलेले घ्यावे, किंवा ब्युटिलची चिकट पट्टी वापरावी. जुने सिलिकॉन पूर्ण खरवडून काढल्याशिवाय नवे लावू नये. जुन्यावर नवे धरत नाही, रंगही धरत नाही. चौकट बसवताना स्क्रू पहिल्यांदा निम्मेच आवळावेत. एकदम आवळले की सगळी भरण बाहेर येते आणि सांध्यात काहीच उरत नाही. भरण वाळल्यावर शेवटचा आटा द्यावा.

लाँच आणि होडीचा धडा

हीच खिडकी बोटीच्या केबिनलाही असते. उजनीच्या फुगवट्यात भिगवण-कुंभारगावकडे पक्षी दाखवायला नेणाऱ्या होड्या उघड्या असतात, त्यांना खिडक्यांचा प्रश्न नाही. परंतु समुद्रावरच्या बंद केबिनच्या जुन्या बोटींत अॅल्युमिनियमच्या चौकटी आणि लव असलेल्या पट्ट्या असतात, आणि गळतीची कारणेही हीच असतात. फरक मिठाचा. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले की त्यांच्यात विजेचा बारीक प्रवाह चालू होतो आणि अॅल्युमिनियम झिजू लागते. म्हणून बोटीच्या चौकटीत स्टेनलेस स्क्रू घालतानाही त्याच्या डोक्याखाली नायलॉनची चकती घालतात आणि आट्याला धातू वेगळे ठेवणारा लेप लावतात. खाचेतले मीठ गोड्या पाण्याने धुऊन काढतात. शिवाय बोटीत गळलेले पाणी आतल्या प्लायवूडमागे जाते आणि लाकूड कुजल्यावरच कळते.

आपल्याकडे समुद्र नाही, पण कुरकुंभसारख्या रासायनिक वसाहतीत रोज उभ्या राहणाऱ्या कामगारांच्या गाड्या आहेत, मासळीचे टेंपो आहेत. बर्फाचे मिठाळ पाणी टेंपोतही तेच काम करते. अशा गाड्यांना नायलॉनची चकती घालण्याची सवय आपल्या कारागिरांनी लावून घ्यावी. तिला किंमत फार नाही, पण चौकट वाचते.

कामाचा हिशेब

गाडीवाल्याने आणि कारागिराने दोघांनीही हिशेब आधी कागदावर मांडावा. समजा खिडकी ९० बाय ५५ सेंटिमीटर आहे. तिचा घेर २ मीटर ९० सेंटिमीटर. आठ खिडक्यांचे २३ मीटर २० सेंटिमीटर. कोपरे कापण्यात आणि चुकण्यात जाणारा दहावा हिस्सा धरला तर साडेपंचवीस, म्हणजे २६ मीटर पट्टी. मधल्या जोडाची ब्रश पट्टी खिडकीमागे ५५ सेंटिमीटर, आठांची ४ मीटर ४० सेंटिमीटर, म्हणून ५ मीटर घ्यावी. याशिवाय स्क्रू, भरण आणि मजुरी. एवढे मोजून बाजारात भाव विचारला की कोणी कोणाला फसवू शकत नाही.

मजुरी खिडकीमागे ठरवावी, गाडीमागे नव्हे. कारण एक खिडकी नुसत्या सफाईने सुधारते, दुसरीला चौकट उतरवावी लागते. माझ्या दौंडच्या उस्तादांनी तीन खिडक्यांना नवी पट्टी लावायला नकार दिला. म्हणाले, "यांची लव शाबूत आहे, निचरा मोकळा केला की पुरे." मी आठही बदलायचे पैसे द्यायला तयार होतो. त्यांनी ते घेतले नाहीत. त्या दिवसापासून मी ओळखीच्या पाच गाडीवाल्यांना त्यांच्याकडे पाठवले आहे. त्यांनी त्या दिवशी सोडलेले पैसे त्यांना असे परत मिळाले.

नव्या कारागिरांना माझा सल्ला असा की हे काम एप्रिल-मेमध्ये मागून घ्यावे. शाळा बंद असतात, शाळेच्या गाड्या उभ्या असतात, रबर उन्हाने मऊ असते आणि भरण लवकर वाळते. जूनमध्ये सर्वांना घाई होते आणि घाईत पुन्हा सिलिकॉनची नळीच हातात येते. काम झाल्यावर गाडीवाल्यासमोर पाइप धरून दाखवावा आणि कोरडा कागद त्याच्या हाती द्यावा. एका पावसाळ्याची हमी द्यायला मग भीती वाटत नाही.

निगा

काम झाल्यावर निगा थोडीच आहे. महिन्यातून एकदा खाचेतली धूळ ब्रशने काढावी. गळीत चालू असेल तर पंधरा दिवसांनी काढावी. पावसाळ्याआधी आणि परतीच्या पावसाआधी प्रत्येक खाचेत मगभर पाणी ओतून ते बाहेर जाते का ते पाहावे. मालाच्या फळ्या खिडकीच्या भिंतीपासून चार बोटे दूर ठेवाव्यात, म्हणजे थेंब आला तरी गठ्ठ्यावर येणार नाही आणि भिंत तपासता येईल.

आमच्या गाडीला त्यानंतर तीन पावसाळे झाले. सडलेला पत्रा कापून नवा जोडण्यात जो खर्च झाला तो आठही खिडक्यांच्या दुरुस्तीपेक्षा जास्त होता. पहिल्याच दिवशी ती भोके बुजवली नसती तर हा खर्च लागलाच नसता. आज घरी गेल्यावर आपल्या गाडीच्या एका खिडकीत मगभर पाणी ओतून पाहा. ते बाहेर गेले तर ठीक. खाचेतच राहिले तर पावसाची वाट न पाहता भोके मोकळी करून घ्या.